मागे न घेतलेले पाय

बसा. मांडी घालून जमत नसेल तर खुर्चीवर बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

एक श्वास सावकाश आत घ्या. सोडा.

घाई नाही. हातातलं काम थोडा वेळ थांबेल.

आज एकाच गोष्टीकडे बघायचं आहे. एका माणसाच्या पायांकडे.

*

लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, त्याची शेवटची पंधरा वचनं. शिमोन नावाच्या परुश्याने येशूला जेवायला बोलावलं आहे. गाव कोणतं, ते लूक सांगत नाही. वेळही सांगत नाही. आपण संध्याकाळ धरू. दिवे लागले आहेत.

आत या.

मधोमध बुटकं मेज. त्यावर भाकरी, ऑलिव्ह, द्राक्षारसाचे पेले. पाहुणे मेजाभोवती आडवे झाले आहेत. त्या काळी मेजवानीला ताठ बसून जेवत नसत. डाव्या कोपरावर रेलायचं, उजव्या हाताने खायचं. तोंड मेजाकडे, पाय मागे भिंतीकडे.

त्यामुळे पाय कोणाला दिसत नाहीत. सगळे एकमेकांची तोंडं बघतात, समोरचं अन्न बघतात. दिव्याचा उजेड मेजापाशीच संपतो.

आपण मागे जाऊन उभे राहू. भिंतीला लागून. तिथून पाहू.

हे येशूचे पाय. चपला दाराशी काढलेल्या. टाचांना भेगा आहेत. नखांच्या कडेला माती. घोट्यापर्यंत धूळ, आणि जिथे चपलेचा पट्टा होता तिथे त्वचेचा खरा रंग, फिकट रेघेसारखा.

ही धूळ खरं तर इथवर यायला नको होती. दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, ही त्या देशाची रीत. आपल्याकडेही होतीच. जुन्या घरांच्या अंगणात त्यासाठी पाणी भरलेलं असे आणि वर तांब्या पालथा घातलेला असे. शिमोनने पाणी दिलेलं नाही. विसरला असेल. किंवा हा पाहुणा तेवढा मोठा वाटला नसेल.

पाय धुळीचेच आहेत.

बघा त्यांच्याकडे. काही म्हणू नका, काही मागू नका. नुसतं बघा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

दाराशी हालचाल होते. एक बाई आत येते.

गाव तिला ओळखतं. ती पापी आहे, एवढंच लूक लिहितो. काय पाप, ते लिहीत नाही. त्याने ते लिहिलं नाही, याचं मला फार बरं वाटतं. पुढे चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी ती रिकामी जागा हौसेने भरली. 591 साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात हीच मग्दालिया मरिया असं सांगून टाकलं आणि पुढची जवळजवळ चौदाशे वर्षं पश्चिमेकडच्या चर्चने तेच धरून ठेवलं. 1969 मध्ये रोमचं नवं कॅलेंडर आलं तेव्हा कुठे या दोघी वेगळ्या झाल्या. लूकच्या पानावर मात्र ती पहिल्यापासून बिननावाची आहे आणि तिचं पापही बिननावाचं.

तुमचंही इथे बिननावाचंच राहू द्या.

आठवलं असेल काहीतरी. येऊ द्या. त्याला नाव देऊ नका. त्याची बाजू मांडू नका. कोण चुकलं, आधी कोण बोललं, ते काढू नका.

ते अंगात कुठे बसलं आहे, एवढंच पाहा. घशाशी? बरगडीखाली? पोटात?

श्वास तिथवर जाऊ द्या.

थांबा.

अजून थोडं थांबा.

*

तिच्या हातात अलाबास्त्राची कुपी आहे. अलाबास्त्र म्हणजे मऊ, दुधी दगड. उजेडासमोर धरला की आतून उजळल्यासारखा दिसतो. कुपीत सुगंधी तेल आहे. ते लावायचं आणि निघायचं, एवढंच ठरवून ती आली असणार.

ती पायांच्या मागे येऊन उभी राहते. आणि तिला रडू फुटतं.

रडणं ठरलेलं नव्हतं. तिने पुसायला काही आणलेलंच नाही.

आसवं पायांवर पडतात. जवळ जाऊन पाहा. थेंब धुळीवर पडतो तेव्हा धूळ त्याला लगेच आत घेत नाही. क्षणभर तो गोल उभा राहतो. मग मोडतो. तिथे एक काळा डाग. शेजारी दुसरा. मग डाग एकमेकांना मिळतात आणि ओघळ घोट्यावरून टाचेकडे निघतो, चिखलाची बारीक रेघ काढत. भेगेपाशी येतो. भेगेत शिरतो.

त्या रेघेपाशी राहा. एवढंच बघा.

आता ऐका.

शब्द नाहीत. या पंधरा वचनांत ती एक अक्षर बोलत नाही. क्षमा मागत नाही. कबुली देत नाही. काय झालं, कसं झालं, काही सांगत नाही. नाक ओढल्याचा आवाज येतो. मध्येच अडकलेला श्वास. मेजाकडचं बोलणं एकेक करत थांबलं आहे. कोणीतरी पेला खाली ठेवतो, तो आवाजही मोठा वाटतो.

पवित्र शास्त्रात रडण्याला शब्दांची कमी नाही. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं सगळ्यांत जास्त आहेत. देवाला थेट विचारणारी, कधी त्याच्यावर चिडलेली. एका स्तोत्रातला देव माणसाची आसवं बुधलीत साठवून ठेवतो. जळलेल्या यरुशलेमपुढे बसून रडणारं तर अख्खं पुस्तक आहे, विलापगीत, पाच अध्यायांचं. आणि इथे ही बाई. तिच्याजवळ स्तोत्र नाही, ओळ नाही. हुंदका आहे.

तोही विलापच.

1905 साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली एकत्र बसून मोठमोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या. ऐकणाऱ्यांना नवल वाटलं, काहींनी नावंही ठेवली. गावाने बोट दाखवून बाहेर काढलेल्या बायकांसाठी रमाबाईंनी तिथेच एक वेगळं घर काढलं होतं, कृपासदन. त्या आवारात रडायला जागा होती.

बहुतेक घरांत ती नसते. न्हाणीघरात नळ सोडून रडतात माणसं.

इथे जागा आहे. या पायांच्या मागे, भिंतीजवळ, उजेड कमी आहे तिथे.

रडू आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी काही बिघडत नाही. कोरड्या डोळ्यांनीही इथे उभं राहता येतं.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता खाली बसा, ती बसली आहे तशी.

ती केस सोडते. चारचौघांत बाईने केस मोकळे सोडणं त्या समाजात लाजेचं. तिला ते माहीत आहे. पुसायला दुसरं काही नाही, म्हणून सोडते.

केस ओल्या पायांना चिकटतात. ती पुसते. एकदा, पुन्हा एकदा. धूळ पायांवरून निघते आणि केसांना लागते. ती पायांचे मुके घेते, थांबतच नाही. ओठांना खारट लागत असेल, मातकटही.

मग कुपी उघडते.

वास येतो. आधी तिच्यापर्यंत, मग भिंतीपर्यंत, मग मेजापर्यंत. भाकरीच्या वासावर चढतो. आता तोंड फिरवून बसलेल्यांनाही कळलं आहे की मागे काहीतरी चाललं आहे.

आणि येशू पाय मागे घेत नाही.

इथे थांबा.

कोपरावर रेललेल्या माणसाने गुडघा जरासा दुमडला की झालं. चार बोटांचं अंतर पुरे होतं. कोणी काही म्हणालं नसतं. यजमानाला उलट हायसं वाटलं असतं.

पाय तिथेच आहेत.

आपल्याकडे कोणी वाकून पाया पडू लागलं की आपण चटकन पाय आखडतो. असू दे, असू दे म्हणतो. खांद्याला धरून उठवतो. त्यात माया असते, थोडा संकोचही असतो. दुसऱ्याचं डोकं आपल्या पायांशी फार वेळ सोसत नाही. ते डोकं रडत असलं तर मुळीच सोसत नाही. रडू नको, हे आपल्या तोंडात तयारच असतं.

तो तसं म्हणत नाही. याच अध्यायात थोडं आधी तो म्हणाला आहे. नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या मुलाची तिरडी निघाली होती. तिला तो रडू नको म्हणाला, आणि मुलगा उठून बसला. इथे म्हणत नाही. इथे तो रडू देतो. तिचं रडणं जितका वेळ चालेल तितका वेळ त्याचे पाय तिचे आहेत.

बघत राहा त्यांच्याकडे. ओले. चिखलाळलेले. केसांत गुंतलेले.

मागे न घेतलेले.

मघाशी अंगात कुठेतरी जे बसलेलं सापडलं, ते घ्या. त्याला अजूनही नाव देऊ नका. श्वास सोडताना ते त्या पायांवर ठेवा.

पाय हलतात का, पाहा.

पुन्हा श्वास घ्या. जे अजून उरलं आहे, जे ठेवायची लाज वाटते आहे, तेही ठेवा.

हलतात का?

घाई करू नका. इथे हवा तेवढा वेळ घ्या. पुढची गोष्ट कुठे जात नाही.

*

शिमोन मनात म्हणतो, हा संदेष्टा असता तर ही कोण, कसली, हे याला कळलं असतं.

तो बोललेला नाही. नुसतं मनात आणलं आहे. येशू त्या मनातल्यालाच उत्तर देतो. एक लहानशी गोष्ट सांगतो. सावकार एक, कर्जदार दोन. एकाचं देणं पाचशे दिनार, दुसऱ्याचं पन्नास. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एकाच्या डोक्यावर दीड वर्षाहून जास्त राबणं, दुसऱ्याच्या डोक्यावर जेमतेम दोन महिन्यांचं. फेडायला दोघांकडेही काही नाही. सावकार दोघांचंही सोडून देतो. आता त्याच्यावर जास्त प्रेम कोण करेल?

शिमोन जपून उत्तर देतो. ज्याला जास्त सोडलं तो, असं त्याला वाटतं.

बरोबर आहे. पन्नासवाल्याकडेही फेडायला काही नव्हतं, हे मात्र शिमोनच्या कानावरून गेलं असावं.

तिने प्रेम केलं म्हणून क्षमा झाली, की क्षमा झाली म्हणून तिने प्रेम केलं? यावर पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघांनीही याच प्रसंगातलं क्षमेचं वचन एकमेकांपुढे धरलं. तो वाद आज दाराबाहेर, चपलांशेजारी राहू द्या. माझ्या मनात एवढंच येतं: तिचं रडणं अडतिसाव्या वचनात आहे. तिला उद्देशून बोललेला पहिला शब्द अठ्ठेचाळिसाव्या. मधल्या वेळात तिला कोणी काहीच सांगितलेलं नाही. तिच्याजवळ फक्त ते पाय आहेत.

तिला बहुधा तेवढ्यावरूनच कळलं.

*

आता एक हालचाल होते. नीट पाहा.

येशू वळतो. इतका वेळ तोंड मेजाकडे होतं, आता तिच्याकडे आहे. बोलतो मात्र शिमोनशी. बघतो तिच्याकडे, विचारतो त्याला. ही बाई तुला दिसते का, असं विचारतो.

तिच्याकडे बघता बघताच पुढचं सांगतो. तू पाणी दिलं नाहीस, हिने आसवांनी पाय धुतले. तू मुका घेतला नाहीस, ही थांबत नाही. तू डोक्याला साधं तेल लावलं नाहीस, हिने पायांना सुगंधी तेल लावलं.

आवाज कसा होता? चढलेला, की खाली आलेला? लूक ते लिहीत नाही. तुमच्या कानांना जसा येतो तसा ऐका.

या बोलण्यातलं एक मला पुन्हा पुन्हा थांबवतं. त्याच्या ध्यानात होतं. पाणी मिळालं नाही, हे दारातच ध्यानात आलं होतं. तेव्हा तो काही बोलला नाही. धुळीच्या पायांनी आत आला, जागा दाखवली तिथे आडवा झाला, समोर आलेलं खाऊ लागला. म्हणजे त्यालाही लागलं होतं. देवाला लागतं, हे आपण फारसं मनात आणत नाही. आपण त्याच्याकडे रडायला जातो तेव्हा तो कोरडा, धुतलेला, दुखणं नसलेला असेल असं धरून चालतो. या मेजाशी तो न धुतलेल्या पायांनी येऊन रेलला आहे.

त्याच्या त्या न बोलण्यापाशी थोडं बसा.

जमलं तर शिमोनच्या जागी बसून पाहा. कोपरावर रेला. समोर आपलं घर, आपली माणसं, आपलं अन्न. काही वाईट केलेलं नाही. एक पाणी द्यायचं राहिलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तीच जागा जास्त ओळखीची असते. कोणाच्या पायांवरची धूळ आपल्या दारातून तशीच आत आली? कोण काही न बोलता जेवून गेलं?

तोंडं आठवतील. आठवू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

आणि आता तेही, न दिलेलं पाणी, त्याच पायांवर ठेवा. ते पाय तुमच्यासाठीही तिथेच आहेत. शिमोनपासूनही त्याने ते मागे घेतलेले नाहीत. त्याच्याच घरी, त्याच्याच मेजाशी तो अजून रेलून आहे.

पवित्र गुरुवारी वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये गेलात तर फादर वाकून बारा जणांचे पाय धुताना दिसतील. ते बारा जण घरून पाय स्वच्छ घासून आलेले असतात, हा भाग वेगळा. योहानच्या शुभवर्तमानात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो आणि पुसतो. एका माणसाने दुसऱ्याचे पाय धुऊन पुसावेत म्हणजे काय, हे तेव्हा त्याच्या पायांना माहीत होतं. शिमोनच्या घरी कळलं होतं.

त्याच्या पायांना ते आठवत असेल का?

या प्रश्नाला उत्तर नको. तो नुसता हातात धरा.

*

शेवटी तो तिच्याशी बोलतो. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, असं सांगतो. मेजाकडे कुजबुज सुरू होते, हा कोण पापांची क्षमा करणारा. तो तिकडे लक्ष देत नाही. तिला म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारलं आहे, आता शांतीने जा.

ती उठते.

बाहेर तेच गाव आहे. त्याच गल्ल्या, तेच ओटे, ओट्यांवर बसलेले तेच लोक, तिला तेच म्हणणारे. केस ओले आहेत, त्यांना माती लागली आहे आणि तेलाचा वास आहे. लूक तिला तिथे सोडून देतो. पुढच्या अध्यायाच्या तोंडाशी येशूबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या बायकांची नावं येतात, मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना, आणि मग तो लिहितो की अशा आणखीही पुष्कळ जणी होत्या. त्या पुष्कळ जणींत ती असेल. नसेलही.

एक श्वास अजून. हा नेहमीसारखा, साधा.

आता सावकाश उठा. पायाला मुंग्या आल्या असतील, जरा हलवा. घरात हाका सुरू झाल्या असतील, जेवायचं असेल.

शिमोनचंही जेवण अर्ध्यावर राहिलं आहे. ही बाई तुला दिसते का, असं त्याला विचारलेलं आहे. त्याने काय उत्तर दिलं, ते लूकने लिहिलेलं नाही.